काळी ट्रंक आणि मोठी आई : १९७१ च्या एका गनरचं नागपुरातलं घर

मंगळवारीकर :

नमस्कार. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. गेल्या रविवारी मोठ्या आईनं माळ्यावरची काळी ट्रंक खाली काढायला लावली, आणि आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझे मोठे बाबा, म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, तोफखान्यात गनर होते. डिसेंबर १९७१ च्या लढाईत जम्मूकडच्या छांबला कामी आले. वय २४. मोठी आई १९ ची, पदरात सव्वा वर्षाची मुलगी. माझे वडील तेव्हा आठवीत होते. यातलं मी स्वतः काही पाहिलेलं नाही. आजी, वडील आणि मोठी आई यांच्या तोंडून तुकड्यातुकड्यांनी ऐकलं आहे. जिथं दोघांचं जुळत नाही तिथं मी मोठ्या आईचं धरलंय, कारण ती कमी बोलते आणि एकदा बोललेलं बदलत नाही.

घर जुन्या मंगळवारीत. आजोबा एम्प्रेस मिलमध्ये. मोठे बाबा मॅट्रिकला इंग्रजीत अडकले आणि परत परीक्षेला बसायला काही तयार होईनात. भरतीत उंची-छाती बसली, नाशिकरोडला तोफखान्याच्या केंद्रात ट्रेनिंग झालं आणि पुढे वायरलेसवर घेतलं. आजीला वाटायचं पोरगा रेडिओ वाजवायच्या नोकरीत आहे, तोफेपासून लांब आहे. तेवढाच तिला धीर.

शेवटचे आले ते १९७१ च्या पोळ्याला. तान्ह्या पोळ्यासाठी मुलीला चाकांचा लाकडी बैल आणला होता. ती अजून चालत नव्हती, तर तिलाच बैलावर बसवून, एका हातानं धरून गल्लीभर फिरवलं. जाताना मोठ्या आईनं भिवापुरी मिरच्यांचं तिखट कुटून ॲल्युमिनियमच्या डब्यात भरून दिलं. लंगरची, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरातली भाजी त्यांना फिकी लागायची.

मग पत्रं. पत्रावर गावाचं नाव नसायचं. नंबर, नाव, युनिट आणि मार्फत ५६ एपीओ (सैन्याचं पोस्ट ऑफिस), बस. मोठी आई शाळेत गेलेली नव्हती, त्यामुळे माझे वडील वाचून दाखवायचे. नवऱ्याचं पत्र तेरा वर्षांच्या दिराच्या तोंडून ऐकायचं, तर त्यात लिहिणारा तरी काय लिहिणार! शेवटच्या पत्रात एवढंच होतं की इकडे थंडी फार आहे, तिकडे संत्री निघाली असतील, छोटीला रस देत जा, बिया काढून.

३ डिसेंबरला लढाई सुरू झाली. १६ ला ढाक्यात पाकिस्तानी फौजेनं शस्त्रं खाली ठेवली. १७ ला आमच्या गल्लीत साखर वाटली गेली आणि त्यातली काही आमच्या घरची होती. "पोरगा येते आता," म्हणत आजीनं स्वतःच्या हातानं वाटली. १९ ला तार आली. इंग्रजीत. तारवाल्यानं ती आजोबांच्या हातात दिली आणि सायकलला टेकून तिथंच उभा राहिला, गेला नाही. त्यावरूनच आजोबा समजले. गल्लीतल्या मास्तरांनी तार वाचली. तारेत 'बेपत्ता' असं होतं.

फेब्रुवारीत बॅटरी कमांडरचं, म्हणजे त्यांच्या तोफांच्या तुकडीच्या अफसराचं पत्र आलं. ४ डिसेंबरला तोफेच्या माऱ्यात गेले, सोबत्यानं डोळ्यांनी पाहिलं, पण मागं हटताना देह आणता आला नाही. आजीनं त्या दिवशी हंबरडा फोडला. मोठ्या आईनं नाही. बायका बांगड्या फोडायला आल्या तेव्हा तिनं दोन्ही हात पदराखाली घेतले. "आंग पाह्यलं काय कोनं? नाही न? मंग थांबा."

ती थांबली. हिरव्या बांगड्या, कपाळावर कुंकू आणि मांडीवर विड्यांचं सूप, असं वर्षभर. लोक बोलत होते. शिमला करार जुलै १९७२ मध्ये झाला, आपले युद्धकैदी त्या डिसेंबरात वाघा सीमेवरून परत आले. वडील शाळा सुटली की वाचनालयात जाऊन पेपर वाचून यायचे. ती विचारायची नाही, नुसतं बघायची. ते मान हलवायचे. डिसेंबर संपला. एक दिवस सकाळी ती विहिरीवरून आली ती रिकाम्या हातांनी. कोणाला फोडू दिल्या नाहीत, स्वतः एकेक उतरवल्या. त्या बांगड्या अजून ट्रंकेत आहेत, फडक्यात गुंडाळून.

ट्रंक मात्र त्याआधीच, एप्रिलमध्ये, रेल्वेनं आली होती. काळी, वर पांढऱ्या रंगात नंबर आणि नाव. आजोबांनी सायकलरिक्षात घालून आणली. आत जर्सी, मग, दाढीचं सामान, पोस्टाचं पासबुक, घरची पत्रं आणि तो तिखटाचा डबा, अर्धा उरलेला. आजीनं झाकण काढलं. भिवापुरी तिखट, कित्येक महिने बंद डब्यात कोंडलेलं. सगळं घर शिंकायला-खोकायला लागलं, सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. आजोबा तोवर रडले नव्हते. वडील सांगतात की बाबांचा ठसका थांबला तरी डोळे थांबले नाहीत, आणि कोणीच त्यांना काही विचारलं नाही.

पुढचं थोडक्यात लिहितो, तेही लांबेलच.

पेन्शन दोन वर्षं अडकली. कारण काय, तर नाव. लग्नात आमच्याकडे मुलीचं नाव बदलतात. मोठ्या बाबांनी पलटणीत बायकोचं माहेरचं नाव लिहून दिलं होतं, कारण ते तिला त्याच नावानं हाक मारायचे. घरी, रेशनकार्डावर, सगळीकडे सासरचं नाव. एका कचेरीतल्या माणसानं आजोबांना तोंडावर विचारलं, "मुलाला दोन बायका होत्या का?" आजोबा परत येऊन दोन दिवस जेवले नाहीत. प्रतिज्ञापत्रं, लग्न लावणाऱ्या भटजींची साक्ष, सरपंचाचा दाखला, हे सगळं जमवेपर्यंत १९७४ उजाडलं. तोवर घर तिच्या विड्यांवर आणि मिलच्या पगारावर. तेंदूचं पान पत्र्याच्या मापावर कापायचं, चिमूटभर जर्दा, वळायचं, दोरा बांधायचा. दिवसाला हजार विड्या. त्यातल्याही ठेकेदार छाट म्हणून बाजूला काढायचा, आणि छाटीचे पैसे नाहीत.

त्याच सुमारास आजीनं मोठ्या आईचा पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावायचं काढलं. कोणाशी? माझ्या वडिलांशी. ते पंधरा-सोळा वर्षांचे. आजीला वाईट म्हणू नका, तिला सून आणि नात दोघी घरातून जायला नको होत्या, आणि पैसा घराबाहेर जाईल हे भय कोणीतरी तिच्या मनात घातलं होतं. मोठी आई एवढंच म्हणाली, "ज्याच्या डोक्याले मी तेल लावून देतो, त्याच्यासंग पाट लावू काय?" विषय संपला. माझे वडील आजही हे सांगताना खाली बघतात.

आता कामाचं. मोठी आई सत्तरी ओलांडून गेली आहे, गुडघे गेलेत. दिल्लीच्या राष्ट्रीय समर स्मारकावर नावं कोरली आहेत, असं तिच्या नातजावयानं मागच्या महिन्यात सांगितलं. तेव्हापासून एकच धोशा, "मले ते नाव पाहाचं आहे." दोन गोष्टी विचारायच्या आहेत. नाव आहे की नाही, हे कसं शोधायचं? आणि वायरलेसवरचा माणूस तोफेपासून लांब असतो, तर मग ते गेले कसे? हा दुसरा प्रश्न तिचा आहे. ५० वर्षांहून जास्त झाली, तिला हे कोणी सांगितलेलंच नाही.

तिखटमीठ :

वाचून सुन्न झाले. भिवापूर माझं माहेर. ते तिखट कुटताना तोंडाला पदर बांधावा लागतो, त्यामुळे तो प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहिला. मोठ्या आईंना माझा नमस्कार सांगा.

कन्हानकाठ :

भाऊ, नावाचं जे लिहिलंत त्यावर मुद्दाम सांगतो. कुटुंब पेन्शनच्या कागदांमध्ये माझी नोकरी गेली. आपल्याकडच्या विधवांची सगळ्यात जास्त प्रकरणं कशानं अडत असतील तर याच गोष्टीनं. लग्न झालं, मूल झालं की जवानानं ते युनिटला कळवायचं आणि त्याची 'पार्ट टू ऑर्डर' निघते. त्यात जे नाव पडलं तेच कायमचं. तोफखान्याचं रेकॉर्ड ऑफिस नाशिकरोडला आहे, दुरुस्ती तिथूनच होते. आजही भरती झालेल्या पोरांना मी हेच सांगतो की बायकोचं आधारवर जे नाव आहे तेच लिही, लाडाचं लिहू नको.

आणि आजींच्या मनात जे भय होतं, ते कोणी उगाच घातलेलं नव्हतं. नियमच तसा होता. विधवेनं दुसरं लग्न केलं तर पेन्शन बंद. पण नवऱ्याच्या सख्ख्या भावाशी केलं आणि त्याच कुटुंबात राहिली तर चालू. पुढे पेन्शनचे नियम सैल होत गेले. तरी शौर्यपदकासोबत जो मासिक भत्ता मिळतो त्याला ही दिराची अट नोव्हेंबर २०१७ पर्यंत चिकटलेली होती, तेव्हा कुठे ती काढली. म्हणजे तुमच्या मोठ्या आईनं पाट नाकारला तेव्हा ती फक्त सासूला नाही म्हणत नव्हती.

बोरधरण :

लेख चांगला आहे, पण एक सांगावंसं वाटतं. युद्धात गेलेल्यांच्या घरच्यांना सरकारनं बरंच दिलं आहे. जमिनी, नोकऱ्या, गॅस एजन्सी, पेट्रोल पंप. नेहमी दुःखाचीच बाजू का लिहिली जाते?

कन्हानकाठ :

पंप आणि एजन्सींचं जे तुम्ही म्हणता ते बहुतेक कारगिलनंतरचं डोळ्यांसमोर आहे. १९६२, ६५, ७१ च्या घरांना मिळालं ते वेगळं आणि उशिरा. आज लढाईत मरण आलं तर शेवटच्या पगाराइतकी पूर्ण पेन्शन आहे, सेवेच्या कारणानं आलं तर ६० टक्के, साधी कुटुंब पेन्शन ३० टक्के. हे टक्के नुसते ऐकायला सोपे वाटतात. कुठल्या रकान्यात बसवायचं यावर लोकांची वर्षं गेली आहेत.

मंगळवारीकर :

बोरधरण, राग नाही. मिळालंच नाही असं मी म्हणत नाही. पेन्शन सुरू झाली ती अजून येते आणि मोठी आई आज कोणावर अवलंबून नाही ती त्यामुळेच. पण मिळालेलं कोणाच्या हातात पडलं, हेही सांगायला पाहिजे. पहिली आठ वर्षं पेन्शन आजोबा आणायचे आणि घरात टाकायचे. माझ्या वडिलांचं कॉलेज त्यातून झालं. आत्याचं लग्न त्यातून झालं. म्हणजे मी आज जो काही आहे तो त्या पैशातून आहे. मोठ्या आईच्या मुलीला मात्र दहावीनंतर शिवणक्लासला घातलं, कॉलेजला नाही. हे आमच्या घरानं केलं, सरकारनं नाही. वडिलांनी तिच्या मुलांची शिक्षणं नंतर केली, पण ताईचं राहिलं ते राहिलंच. ती कधी बोलून दाखवत नाही.

पाटणसावंगी :

आमच्याकडे उलटं झालं. नात्यातला एक मुलगा १९९९ ला कारगिलमध्ये गेला. तेव्हा देह घरी पाठवायला सुरुवात झाली होती. सोनेगाव विमानतळावरून गावापर्यंत माणसंच माणसं. हार, भाषणं, पेपरवाले. त्याच्या आईला शेवटचं बघायला मिळालं, हे खरं. पण त्या गर्दीत ती दोन मिनिटंसुद्धा एकटी त्याच्याजवळ बसू शकली नाही. पुढच्या २६ जुलैला गर्दी अर्धी. त्याच्या पुढच्या वर्षी शाळेची मुलं आणि हेडमास्तर. आता तीच पहाटे उठून चौकातला पुतळा पुसून घेते.

तुमच्या मोठ्या आई वर्षभर थांबल्या, कारण देह नव्हता. आमच्या काकूला थांबायला एक तासही मिळाला नाही. यातलं कुठलं बरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

रानपाखरू :

एक विचारू का? तुम्ही कुठेच 'शहीद' लिहिलं नाहीत. मुद्दाम?

मंगळवारीकर :

मुद्दाम असं नाही. आमच्या घरी तो शब्द नव्हता. आजी 'कामी आला' म्हणायची. मोठी आई तेही म्हणत नाही, ती 'छांबले राह्यले' म्हणते. जसा माणूस एखाद्या गावी मुक्कामाला राहतो, तसं. सरकारनंही संसदेत सांगितलंय की सैन्याच्या कागदांमध्ये 'शहीद' हा शब्द नाही, तिथं 'बॅटल कॅज्युअल्टी' असंच लिहितात.

निवृत्त तोफची :

धागा काल वाचला. उत्तर लिहायला एक दिवस घेतला, कारण तुमच्या मोठ्या आई हे ऐकणार आहेत. मी तोफखान्यात २६ वर्षं काढली. ७१ नंतर भरती झालो, पण छांबला लढलेल्या उस्तादांच्या हाताखाली शिकलो.

वायरलेसवरचा माणूस तोफेपासून लांब असतो, हे अगदी बरोबर. फक्त तो मागे नसतो, पुढे असतो. तोफा कित्येक किलोमीटर मागे उभ्या असतात, त्यांना समोरचं काही दिसत नाही. दिसतं ते ओपीला, म्हणजे निरीक्षण चौकीला. एक अफसर, एक टेक्निकल असिस्टंट, एक-दोन वायरलेसवाले, एवढीच ओपी पार्टी पायदळाच्या सोबत सगळ्यात पुढच्या टेकाडावर बसते. अफसर दुर्बिणीतून पाहून सांगतो गोळा कुठे पडला, किती उजवीकडे, किती पुढे, आणि वायरलेसवाला ते मागे तोफांना कळवतो. मागून पुन्हा गोळा येतो. त्याचा आवाज बंद पडला की तोफा आंधळ्या. शत्रूला हे ठाऊक असतं, म्हणून तो आधी ओपी शोधतो. सेटची एरियल दिसली की तिथंच मारा. ४ तारखेला छांबला तोफेच्या माऱ्यात वायरलेसवाला गेला, असं बॅटरी कमांडर लिहितात, तेव्हा ते बहुतेक ओपीवरच होते. एकेकट्या जवानाचं मी खात्रीनं सांगू शकत नाही, पण कामाची जागा तीच.

छांबचं थोडं सांगतो. तिथं मुनावर तवी नावाची नदी आहे. पाकिस्ताननं १९६५ मध्येही १ सप्टेंबरला त्याच वाटेनं मोठा हल्ला केला होता, कारण तिथून पुढे अखनूरचा पूल आणि जम्मूचा रस्ता. ७१ ला ३ डिसेंबरच्या रात्री त्यांनी पुन्हा जोरात तोफा लावल्या, रणगाडे घातले. आपली एक ब्रिगेड नदीच्या पश्चिमेला होती, ती तीन दिवस झुंजली आणि मग तिला नदीच्या पूर्वेला आणलं. ९-१० च्या रात्री ते नदी ओलांडून आले, त्यांना परत रेटलं. नदीच्या अलीकडे त्यांना टिकता आलं नाही. पण पश्चिमेचा तो भाग त्यांच्याकडे गेला आणि शिमला करारानंतर नियंत्रण रेषा आखली तेव्हाही तो तिकडेच राहिला.

देह आणता आला नाही, याचं कारण हे आहे. सोबत्यांनी टाकून दिलं असं कृपा करून मोठ्या आईंना वाटू देऊ नका. एक तर त्या काळी रणांगणावरून देह घरी पाठवतच नसत, जिथं जमेल तिथं अग्नी देत. आणि इथं तर जमीनच हातातून गेली. पहिले तीन दिवस त्या टेकाडांवर जे बसले, त्यांच्यामुळे मागच्यांना नदी ओलांडून नीट मोर्चे धरता आले. आमचे उस्ताद हे सांगताना उभे राहायचे.

स्मारकाचं : २५ फेब्रुवारी २०१९ ला इंडिया गेटजवळ सुरू झालं. त्यातल्या त्याग चक्रात ग्रॅनाइटच्या पाट्यांवर नावं आहेत, सुरुवातीला २५,९४२ होती. स्मारकाच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं आणि कुठल्या भिंतीवर आहे तेही कळतं. सारख्या नावांचे खूप जण सापडतील, म्हणून सैनिक नंबर हाताशी ठेवा.

तिखटमीठ :

काका, तुमचा प्रतिसाद मी घरात मोठ्यानं वाचून दाखवला.

मंगळवारीकर :

काका, काय लिहू!

काल रात्री जेवणं झाल्यावर तुमचा प्रतिसाद मोठ्या आईला वाचून दाखवला. माझे वडील बाजूला बसले होते. मी वाचत होतो आणि एकदम लक्षात आलं की १९७१ मध्ये हेच काम वडील करत होते. ती मध्ये एकदाच बोलली. 'सगळ्यात पुढच्या टेकाडावर' हे वाक्य परत वाचायला लावलं. मग म्हणाली, "म्हंजे त्याइले समोरचं सारं दिसत होतं." मी हो म्हणालो. बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "अन् म्या बुढीले सांगत राह्यलो का रेडिओवर आहेत, रेडिओवर आहेत." बुढी म्हणजे आमची आजी.

मग नाव शोधायला बसलो. काका म्हणाले तसंच झालं, त्याच नावाचे बरेच जण. ट्रंकेवरच्या नंबराचे पहिले दोन आकडे गंजानं खाल्लेले. बॅटरी कमांडरचं पत्र वाळवीनं गेलं. पेन्शनची जुनी फाईल काढायला मी उठलो, तर मोठी आईच बसल्या जागेवरून नंबर सांगायला लागली. हिंदीत, तुटक तुटक, एकेक आकडा, जसा ते सांगत असतील तसा. कधी लिहायला न शिकलेली बाई. वडील म्हणाले की हे त्यांनाही माहीत नव्हतं. मी एकेक आकडा टाईप केला. पहिल्याच फटक्यात नाव समोर आलं. गनर, तोफखाना, १९७१.

तिला स्क्रीनवर दाखवलं. तिनं बोट लावलं तर पान वर सरकलं आणि नाव गेलं. ती घाबरली. परत आणून दिलं.

तिकिटं काढली आहेत. २ डिसेंबरला रात्री निघतोय, ३ ला पोचू, ४ ला स्मारकावर. ती, मी, ताई आणि वडील. मोठी आई फार चालू शकत नाही. दिल्लीत आमचं कोणी नाही. स्टेशनजवळ साधी, स्वच्छ, तळमजल्यावर खोली मिळेल अशी जागा कोणाला माहीत असेल तर सांगा. आणि थंडी किती असते त्या दिवसांत?

रानपाखरू :

सकाळ-संध्याकाळ चांगलीच असते. स्वेटर, शाल, पायमोजे घ्याच. मोठ्या आईंना गुडघ्यांसाठी गरम पट्टे घ्या.

पाटणसावंगी :

काकूला विचारलं. ती म्हणते, जमलं तर ४ च्या संध्याकाळी तिथंच थांबा. त्या वेळी स्मारकावर रोज एका जवानाच्या घरच्यांच्या हातून पुष्पचक्र वाहतात. आधी चौकशी करून ठेवा, सैनिक कल्याण कार्यालयातही सांगा. तारीखही तीच आहे त्यांची.

निवृत्त तोफची :

खोली बघू नका. माझी मुलगी दिल्ली कँटला असते, सैन्याचं क्वार्टर आहे, तळमजला. मी १ तारखेपासून तिच्याकडेच आहे. ३ ला गाडी घेऊन स्टेशनवर येतो. बोगी नंबर तेवढा कळवा.